वाड्यातली ठासणीची कडाबीन: घासायची की आहे तशी ठेवायची?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आमचं गाव अंजनगाव सुर्जीजवळ. बाबा गेल्या पौषात गेले. त्यांच्या नावावर परवाना असलेली एक ठासणीची बंदूक आहे. परवान्याच्या पुस्तकात तिचं वर्णन ‘एम. एल. गन’ (मझल लोडिंग, म्हणजे नळीच्या तोंडातून ठासून भरायची) एवढंच. घरात मात्र सगळे तिला कडाबीन म्हणत आले. आजी आम्हा पोरांना दटावायची, “कडाबिनीले हात लावू नोको.” त्यामुळे हा शब्द मला बंदुकीच्या आधी माहीत झाला.

बाबांच्या तेराव्यानंतर ती अमरावतीच्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा केली. वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हावा यासाठी अर्ज केला आहे. ती परत येईल तेव्हा येईल. तोवर एका गोष्टीचा निर्णय करायचा आहे.

आधी तिचं वर्णन करतो. बाबांच्या वहीत नळी 20 इंच आणि एकूण लांबी 36 इंच अशी नोंद आहे. नळी तपकिरी, काही ठिकाणी काळपट. ठासायचा गज सुटा निघत नाही, नळीच्या तोंडाशी बिजागरीने जोडलेला आहे. डाव्या अंगाला एक लोखंडी दांडी आणि तीत फिरणारी कडी. कडी जिथे लाकडाला घासायची तिथे चंद्रकोरीसारखी खोल झीज झाली आहे. लहानपणी मी तिथे अंगठा ठेवून बघायचो, बरोब्बर बसायचा. चापाभोवतीची कमान आणि दस्त्याच्या टोकाची पट्टी पितळी. बंदुकीच्या घोड्याच्या (चाप ओढल्यावर आपटतो त्या भागाच्या) बाजूच्या लोखंडी पट्टीवर मागच्या दोन पायांवर उभा असलेला एक सिंह आहे, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला. त्याच्याजवळ 184 एवढं दिसतं. चौथा आकडा गंजात बुडाला आहे.

घरातली हकिगत अशी: माझ्या खापरपणजोबांचे वडील एलिचपूरच्या (आताचं अचलपूर) छावणीत स्वार होते, ही त्यांची.

आता प्रश्न. काकांचं म्हणणं आहे की घरी आणायच्या आधी ती चांगली घासून-पुसून, पॉलिश करून आणावी. चौथा आकडाही दिसेल आणि दसऱ्याला पूजेत शोभेल. माझं मन घेत नाही, पण का घेत नाही ते काकांना सांगता येत नाही. जाणत्यांनी मार्गदर्शन करावं.

---

जुना आर्मरर

घासू नका. रात्री सविस्तर लिहितो. तोपर्यंत विक्रेत्यालाही फोन करून सांगून ठेवा की कापडसुद्धा फिरवू नका.

---

धामणगावकर

पूर्णाकाठ, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

मला वाटतं काकांचं अगदीच चूक नाही. आमच्या मामांकडे तलवार आहे, दर वर्षी घासतात, आरशासारखी चमकते. गंज म्हणजे लोखंड खाणारी कीड. ती राहू दिली तर पुढच्या पिढीच्या हाती काय लागणार? हलक्या हाताने बफिंग करून वर लॅकर मारलं तर पन्नास वर्षांची चिंता मिटते.

---

मेळघाटाची वाट

भाऊ, हात जोडून सांगतो, घासू नोका.

आमच्या घरी बी एक होती. आज्याच्या नावानं परवाना. निवडणुकीत ठाण्यात जमा केली, थे परत आली तवा दस्त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटनं नंबर टाकेल होता. बुढ्याले लय राग आला. मंग त्यानं काय केलं, एका फॅब्रिकेशनवाल्याकडं नेऊन पेंट काढाले लावला. त्या पोट्ट्यानं पेंट काढला, लाकूड काढलं, अन् जोश जोश मंदी लोखंडावरबी चाक फिरवलं. घरी आली तवा चांदीवानी चमकत होती. बुढा खुश.

दोन वर्षांनी नागपूरचे एक जाणकार काका घरी आले. त्यायनं हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, अन् ठेवून देली. मले म्हणे, “इथं काहीतरी लिहिलेलं होतं ना रे?” होतं ना. मी लहानपणी बोट फिरवून पाह्यलेलं आठवते. काय होतं थे आता कोणीच सांगू शकत नाई. बुढा बी नाई, मी बी नाई. फोटो बी नाई.

त्या पोट्ट्यावर माया राग नाई. त्याले जे सांगतलं थे त्यानं केलं.

---

जुना आर्मरर

आता लिहितो. तीस वर्षं लष्करात शस्त्रं दुरुस्त करण्यातच गेली. निवृत्तीनंतर यवतमाळ जिल्ह्यात गावी राहतो. जुन्या घोडदळी हत्यारांचा नाद तेव्हापासूनचा.

पूर्णाकाठ, तुमच्या वर्णनावरून ही स्वाराचीच बंदूक आहे आणि कडाबीन हा शब्दही बरोबर आहे. कार्बाइनचाच हा मराठीत रुळलेला जुना शब्द. नळी आखूड, कारण घोड्यावर लांब नळी फिरवता येत नाही. गज बिजागरीला जोडलेला, कारण पायदळाच्या शिपायाच्या हातून गज पडला तर तो वाकून उचलतो. धावत्या घोड्यावरच्या स्वाराचा पडला तर त्याची बंदूक लढाई संपेपर्यंत काठी झाली. डावीकडची दांडी आणि कडी खांद्यावरच्या पट्ट्याच्या आकड्यात अडकवायला. बंदूक पट्ट्याला लोंबत राहायची आणि दोन्ही हात लगाम-तलवारीला मोकळे. तुमचा अंगठा बसायचा ती चंद्रकोर म्हणजे त्या कडीने किती मैलांची दौड केली याचा हिशेब आहे. पॉलिश पेपरने पहिली जाईल ती हीच.

सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. पंजांत मुकुट धरलेला उभा सिंह कंपनीच्या हत्यारांवर 1808 पासून येतो. त्याआधी चार भाग केलेल्या बदामाची खूण असे. 1858 मध्ये कंपनीचा कारभारच संपला. म्हणजे 184 आणि पुढे काहीही असलं तरी खूण आणि साल एकमेकांना धरून आहेत.

धामणगावकर, तुमचा मुद्दा काळजीपोटीच आहे, म्हणून नीट उत्तर देतो. त्या काळच्या बऱ्याच लष्करी नळ्यांना कारखान्यातच मुद्दाम गंज चढवत. थर चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा, असं करत घट्ट तपकिरी रंग आणायचे. त्यामुळे नळी उन्हात चकाकत नसे आणि नवा गंज लवकर धरत नसे. म्हणजे आपण ज्याला कीड समजून काढायला निघतो ते तिचं मूळ अंगडंही असू शकतं. गंज दोन तऱ्हांचा असतो. बोट फिरवल्यावर बोटाला लाल लागतो तो जिवंत, त्याला थांबवायचं. तपकिरी-काळा, घट्ट, हाताला न लागणारा असतो त्याला हात लावायचा नाही.

मूळ अवस्था ओळखायची कशी तेही सांगतो. स्क्रूच्या खाचा बघा. कडा सरळ, तीक्ष्ण असतील तर फारशा कुणी उघडलेल्या नाहीत. पट्टी जिथे लाकडात बसते तिथे नखाने चाचपा. मूळ दस्त्याचं लाकूड लोखंडाच्या बरोबरीला किंवा केसभर वर असतं. लोखंड वर आणि लाकूड खाली असेल तर कुणीतरी लाकूड घासलंय. घोडा जिथे आदळतो, ज्या टोकावर तांब्याची टोपी बसते, त्याच्या आसपास बारीक देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतील. टोपीतल्या स्फोटक मसाल्याची राख लोखंड खाते, त्याचे ते खड्डे. बाजारात जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या नकलांवर गंज सगळीकडे एकसारखा असतो आणि नेमके इथले खड्डे नसतात. खैबरकडच्या नकलांवर तर छापातली इंग्रजी अक्षरंसुद्धा कधी उलटी असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे आधी लिहायला हवं होतं. ती भरलेली आहे का हे तपासलं आहे का? ठासणीच्या बंदुका शंभर-दीडशे वर्षं भरलेल्याच भिंतीवर टांगून राहिलेल्या सापडतात. काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. विक्रेत्याकडच्या जाणत्या माणसाला सांगा: लाकडी काडी नळीत बुडापर्यंत सरकवायची, तोंडाशी खूण करायची, मग तीच काडी बाहेरून नळीला लावून बघायची. काडीचं टोक टोपीच्या टोकापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग कुणीही काही उकरायचं नाही. लोखंडी सळई घालायची नाही, गरम करायची नाही. पोलिसांना कळवायचं. आणि घोडा चढवून रिकामा आपटून बघायची सवय पोरांना लागू देऊ नका. ते टोक तडकतं.

---

पूर्णाकाठ

काका, वाचून अंगावर काटा आला. ती चाळीस वर्षं देवघराच्या भिंतीवर होती. तिच्याखाली आम्ही झोपायचो. उद्या सकाळीच फोन करतो.

---

वैनगंगेपल्याड

गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. थोडं अवांतर, पण गोंधळ टळावा म्हणून.

आमच्याकडे तोंडातून भरायच्या कुठल्याही बंदुकीला ‘भरमार’ म्हणतात. त्यातल्या बहुतेक गावठी, शिकारीच्या किंवा रानडुकरांपासून पीक राखायच्या. त्यांवर ना खूण, ना साल. त्यामुळे ‘आमच्या आज्याची भरमार’ असं कुणी म्हटलं की ती लष्करीच असेल असं नाही आणि नसेल असंही नाही. एका विद्यार्थ्याच्या घरी सगळे भरमार म्हणत होते त्या बंदुकीच्या पितळी पट्टीवर पलटणीचे आकडे कोरलेले मी स्वतः पाहिले. परवाना होता म्हणून निर्धास्तपणे पाहता आले. परवाना नसलेली असेल तर ती बाळगू नका, लपवू नका, ठाण्यात द्या. या भागात त्याचा अर्थ काय लावला जातो हे आम्ही जवळून पाहिलं आहे.

---

धामणगावकर

आर्मरर काका, मी माझं बफिंगचं म्हणणं मागे घेतो. मामांनाही हा धागा वाचून दाखवतो. एक शंका: शंभर वर्षांपेक्षा जुनी बंदूक असेल तर परवाना लागतच नाही असं ऐकलं आहे. मग पूर्णाकाठ एवढी धावपळ का करत आहेत?

---

कोर्टाची पायरी

या गैरसमजापायी लोक अडकतात, म्हणून स्पष्ट लिहिते. मी वकिली करते.

1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे, पण एका अटीवर: ते दुरुस्ती करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये. नुसतं वय पुरत नाही. तुमची कडाबीन दीडशेहून अधिक वर्षांची असेल, पण नळी शाबूत आणि घोडा चालता असेल तर ती कायद्याच्या दृष्टीने बंदूकच. “आमची चालत नाही” हे आपण म्हणून भागत नाही, तपासणीत तसं ठरावं लागतं. आणि सूट मिळावी म्हणून नळीला भोक पाडणं, वेल्डिंग करणं असले उद्योग स्वतः करू नका. वस्तूही जाते आणि प्रश्नही सुटत नाही.

शंभर वर्षांची अट आहे ती वेगळ्या कायद्यात, 1972 च्या पुरावस्तूंच्या. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला वेगळा परवाना लागतो. म्हणजे जुनी झाल्यामुळे बंधनं कमी झाली नाहीत, उलट एक वाढलं.

पूर्णाकाठ यांनी केलं ते बरोबर. परवानाधारक गेल्यावर हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसाने अर्ज करायचा. बाकीच्यांसाठी सांगते, घरातले वडील हयात असतानाही हे करता येतं. 2016 च्या नियमांनुसार वयाची 70 वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार बाळगून 25 वर्षं झाली की वारसाच्या नावे अर्ज करता येतो. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं, पूर्वी तीन होती. वारसाने आलेलीही त्यातच मोजतात.

---

एलिचपूरची लेक

माहेर परतवाड्याचं, म्हणजे छावणीतलंच म्हणा. इतिहास शिकवते. पूर्णाकाठ दादा, घरातल्या हकिगतीबद्दल थोडं लिहू का? मोडून काढायची नाही मला, तपासायची आहे.

एलिचपूरला निजामाच्या फौजेची छावणी होती. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं तेही या हैदराबाद कंटिंजेंटच्या खर्चापोटी. म्हणजे आपल्या कपाशीच्या सुपीक जमिनीचा महसूल या स्वारांच्या पगारावर जात होता. 1903 मध्ये ही फौज मोडून तिचे रिसाले (घोडदळाच्या पलटणी) हिंदी सैन्यात घेतले, त्यातूनच 20 वी डेक्कन हॉर्स झाली. हिनेच 14 जुलै 1916 ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत भाले घेऊन दौड केली. आजची डेक्कन हॉर्स त्याच वंशातली, रणगाडे चालवते.

तुमच्या पूर्वजांच्या हाती कंपनीची बंदूक असणं शक्य आहे. पण सरकारी हत्यार स्वाराने निवृत्त होताना घरी नेलं असं सहसा होत नसे. इथे शिलेदारीचा मुद्दा येतो. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, शिलेदार स्वतःचं घोडं आणि सामान घेऊन यायचा. मराठ्यांची ही रीत इंग्रजांनी आपल्या देशी रिसाल्यांत तशीच उचलली. 1857 पूर्वी अशा रिसाल्यांत हत्यारंही पुष्कळदा स्वाराचीच असत, पुढे कार्बाइन सरकार देऊ लागलं. तेव्हा तुमची हकिगत खरी ठरायला वाट आहे. दुसरी शक्यता अशी की ती सैन्यातून काढून विकली गेली आणि मग गावात आली. एकमेकांकडे टोकं केलेले दोन बाण कुठे कोरलेले दिसले तर ती विक्रीची खूण.

स्वाराच्या कार्बाइनचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. आपण 1857 च्या काडतुसांची गोष्ट एनफील्ड रायफलची म्हणून शिकतो. पण 24 एप्रिल 1857 ला मेरठच्या कवायतीत काडतुसं नाकारणारे 85 जण 3 ऱ्या लाइट कॅव्हलरीचे स्वार होते आणि त्यांच्यापुढे ठेवलेली काडतुसं नवी नव्हती, जुन्याच तऱ्हेची होती. 9 मे रोजी सगळ्या पलटणींसमोर त्यांना बेड्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी मेरठ पेटलं. पुढे देशी पायदळाला बाहेरून रायफलीसारख्या पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, म्हणजे नेम लांब जाऊ नये. कुणाच्या घरची बंदूक आतून गुळगुळीत निघाली तर ती हलकी म्हणून टाकून देऊ नका, त्या गुळगुळीतपणालाही इतिहास आहे.

---

पूर्णाकाठ

ताई, हे सगळं आईला वाचून दाखवलं. बारगीर-शिलेदार ऐकल्यावर ती म्हणाली की आजी ‘आपले शिलेदार होते’ असंच म्हणायची, स्वार हा शब्द बाबांचा. मला हे माहीतच नव्हतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं.

आता कबुली. आमच्या घरात खंडेनवमीला काकू पितळी कमान आणि पट्टी चिंच-मीठ लावून घासायच्या, पूजेच्या भांड्यांबरोबर. नळीला खोबरेल. हळद-कुंकू ओलं लावायचं, वर झेंडूचं फूल, आणि ते तसंच दिवाळीपर्यंत. उन्हाळ्यात ज्या खोलीत ती होती तिथेच कूलर. किती नुकसान झालं असेल?

---

जुना आर्मरर

झालं ते झालं, प्रेमानेच केलं होतं त्यांनी. इथून पुढे एवढं करा.

चिंच-मीठ बंद. आंबट आणि खार दोन्ही पितळाला खातात आणि फटीत उरलेलं मीठ शेजारच्या लोखंडाला. खोबरेलही नको. ते खवट होऊन चिकट पिवळा थर धरतं आणि त्यात धूळ बसते. धातूला शिवणयंत्राचं तेल, जुन्या मऊ सुती कापडाला बोटभर लावून, पुसल्यासारखं. लाकडाला तेल नाहीच. लाकडावर संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिळालं तर हलकं लावा, नाही मिळालं तर कोरड्या कापडाने धूळ झटकली तरी पुरे. उघड्या हाताने धरू नका, घामाचे ठसे आठवड्यात गंजतात.

आपल्या विदर्भात खरा शत्रू ऋतू आहे. मेमध्ये 45-46 अंशांत लाकूड आक्रसतं आणि पट्टीच्या कोपऱ्यातून बारीक चीर धरतं. त्याच खोलीत कूलर लावला की दिवसभर दमट, कूलर बंद की पुन्हा कोरडं. असं रोज फुगणं-आक्रसणं लाकडाला पावसाळ्यापेक्षा वाईट. कूलर नसलेल्या, मधल्या खोलीत ठेवा, बाहेरच्या भिंतीला नको. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत ओल कोंडते.

पूजा सोडू नका. सुती कापडावर आडवी ठेवा, हळद-कुंकू पाटावर वाहा, फूल शेजारी. संध्याकाळी उचलून ठेवा.

आणि चौथ्या आकड्यासाठी घासायची गरज नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवी, पट्टीला जवळजवळ टेकवून धरा आणि वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढा. कोरलेल्या खाचेची सावली पडते. आपल्या डोळ्यांना दिवसा दिसत नाही ते सावलीत दिसतं.

---

मेळघाटाची वाट

हे टॉर्चचं कोणी मले दहा वर्षं आधी सांगतलं असतं तं...

पूर्णाकाठ भाऊ, फोटो सगळे काढून ठेवा. सगळ्या बाजूनं. परवान्याच्या पुस्तकाचे बी.

---

संग्रहप्रेमी अकोला

विकायची असल्यास योग्य किंमत मिळेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

---

कोर्टाची पायरी

अग्निशस्त्राचा व्यवहार असा व्यनित होत नाही. पूर्णाकाठ, उत्तर देऊ नका.

---

धामणगावकर

मामांनी धागा वाचला. या वर्षी तलवार घासणार नाहीत. मुठीजवळ घासून-घासून पुसट झालेली एक ओळ आहे, तिचा टॉर्चने फोटो काढायला मी रविवारी जातोय. नागपूरच्या अजब बंगल्यातलं शस्त्रांचं दालनही बघून येऊ म्हणतात. 1863 चं संग्रहालय घराजवळ असून मामा एकदाही गेले नव्हते.

---

पूर्णाकाठ

मंडळी, उशिरा लिहितोय.

काल काकांना घेऊन अमरावतीला गेलो होतो. परवान्याचं काम अजून चालू आहे, पण विक्रेत्याने त्याच्या समोर बघू दिलं. काडी त्यानेच घातली. आत-बाहेर सारखी आली. नळी रिकामी आहे. आईला तिथूनच फोन केला.

टोपीच्या टोकाभोवती आर्मरर काकांनी सांगितलेले खड्डे आहेत, भरपूर. दोन बाण कुठे सापडले नाहीत. लाकूड लोखंडाच्या बरोबरीला आहे. एका स्क्रूची खाच मात्र पार चिरडलेली, कुणीतरी कधीतरी जोर केलाय. दस्त्याच्या खालच्या अंगाला एक आडवी चीर, कूलरच्या बाजूची.

मग दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं, दिवे बंद केले. टॉर्च काकांनी धरली. आधी वरून, मग डावीकडून, काही दिसेना. उजवीकडून अगदी टेकवून धरल्यावर सिंहाच्या आयाळीचे केस उठले आणि खाली आकडा उभा राहिला. 1845. काका बराच वेळ टॉर्च तशीच धरून होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “कापड सुती घ्यायचं म्हणतोस ना? घरी तुझ्या काकूचं जुनं पातळ आहे.”

चोवीस फोटो काढले आहेत. सिंहाचा आणि कडीच्या चंद्रकोरीचा खाली देतो. एलिचपूरची लेक ताई, पट्टीच्या आतल्या कडेला बारीक अक्षरात आणखी काहीतरी आहे, तिसऱ्या फोटोत बघा, तुम्हाला वाचता येतं का.